जवळचे कार्यक्रम सुचवायला गेम थिअरी कशाला? अंतर बघून भागत नाही का?

तुम्ही लिहिलंय की सांगली-मिरजेच्या लोकांना जवळपासचे कार्यक्रम सुचवणारं ॲप करताय, तुमचा जोडीदार गेम थिअरी वापरू म्हणतोय, आणि तुम्हाला वाटतंय की अंतरावरून यादी लावली तरी पुरे.

नाही पुरत. मी सांगलीतच राहतो. आमच्या ग्रुपवर कुठल्याही कार्यक्रमाची पत्रिका पडली की "कुठं आहे?" असं कुणी आधी विचारत नाही. विचारतात, "कोण कोण येतंय?" माझं जाणं तुमच्यावर ठरतं, तुमचं माझ्यावर. असे एकमेकांत गुंतलेले निर्णय हाच तर गेम थिअरीचा विषय.

धरा, एकाच संध्याकाळी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाटक आहे आणि मिरजेत गाण्याची बैठक. अजित विश्रामबागेत राहतो. त्याला नाटक ४ किलोमीटर, बैठक ६. नुसतं अंतर बघणारं ॲप त्याला नाटकाला पाठवणार. पण त्याचे मित्र मीना आणि रफीक मिरजेचे, बैठक त्यांच्यापासून १ किलोमीटरवर. सुहास गावभागातला, त्याची मैत्री फक्त अजितशी. त्याला नाटक १ किलोमीटर, मिरज १०. आता एक मित्र दुसरीकडे गेला तर लागणारी चुटपुट ३ किलोमीटर जादा जाण्याएवढी धरू.

अजित नाटकाला गेला तर ४ आणि दोघांचे ६, एकूण १०. मिरजेला गेला तर ६ आणि सुहासचे ३, एकूण ९. म्हणजे तो मिरजेला निघणार. सुहास नाटकालाच राहिला तर १ आणि ३ मिळून ४, मिरजेला गेला तर १०, म्हणून तो हलत नाही. मीना, रफीकही हलत नाहीत. आता एकट्याने बेत बदलून कुणाचाच फायदा नाही. हाच नॅश समतोल, गणितज्ञ जॉन नॅशने १९५० मध्ये मांडलेला.

पण हे थांबेलच कशावरून? हा त्याला बघून बदलला, तो याला बघून, असं रात्रभर चालेल की! यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट इथे आहे. सगळ्यांचे किलोमीटर मिळवा आणि ताटातूट झालेल्या प्रत्येक जोडीचे ३ एकदाच मिळवा. अजित हलायच्या आधी ही बेरीज १३ होती, ७ किलोमीटरचे आणि ६ ताटातुटीचे. तो हलल्यावर १२. अजितचा स्वतःचा त्रासही १० वरून ९ झाला, म्हणजे तेवढाच उतरला. हे दर वेळी घडतं. कुणीही आपल्या भल्यासाठी हलला की बेरीज नेमकी तेवढीच उतरते, आणि माणसं, कार्यक्रम मोजकेच असल्यामुळे ती कुठेतरी थांबतेच. अशा खेळांना पोटेन्शियल गेम म्हणतात. मॉन्डरर आणि शॅप्ली यांचा त्यावरचा लेख १९९६ चा. अंतर आणि मैत्री दोन्ही बघून माणसं कार्यक्रमांना वाटायची, हा तुमचाच प्रश्न २०१५ च्या सिग्मॉड या डेटाबेसवरच्या परिषदेत याच वाटेने सोडवून मांडला गेलाय. जोडीदाराचं बरोबर आहे.

पण थांबला म्हणजे चांगलंच झालं, असं मात्र नाही. विश्रामबागेतलेच दोन मित्र घ्या, दोघांनाही ॲपने आधीच मिरज दिलंय. प्रत्येकी ६. एकटा नाटकाकडे वळला तर ४ आणि ३ मिळून ७, म्हणून कुणीच वळत नाही. खरं तर दोघं मिळून वळले असते तर प्रत्येकी ४ मध्ये भागलं असतं. तेव्हा सुरुवातीची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करू नका, प्रत्येकाला त्याच्या जवळचा कार्यक्रम देऊन सुरू करा.

मैत्री दोन्ही बाजूंनी सारखी मोजायची, हे तर विसरूच नका. 'फॉलो'वर चालणाऱ्या नेटवर्कात क बघतो ख कडे, ख बघतो ग कडे आणि ग बघतो क कडे. अशी तिघं दोन कार्यक्रमांत पाठशिवणी खेळत बसू शकतात. मी हे कागदावर मांडून बघितलंय, सहा उड्यांनंतर तिघंही होते तिथेच परत येतात. वरची बेरीज तिथे लागूच होत नाही.

गर्दीची भीती असेल तर डोकी वाढतील तसा त्रास वाढतो असं धरा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थलने १९७३ मध्ये दाखवलंय की असे खेळही थांबतात, आणि मैत्रीसोबत ते जोडता येतात.

अंतर मात्र रस्त्याचं घ्या. सांगलीवाडी नकाशात गावाला चिकटलेली दिसते, पण मध्ये कृष्णा आहे. माणूस पुलावरूनच येणार, आणि पाणी चढलं की तेही गणित बदलतं.

ॲप लिहायच्या आधी तुमच्याच ओळखीची वीस माणसं घ्या, ५ नोव्हेंबरच्या आसपासचे, म्हणजे रंगभूमी दिनाच्या दिवसांतले, दोन-तीन कार्यक्रम घ्या आणि हे सगळं हाताने करून बघा. मग प्रत्येकाला फोन करून विचारा, "तुला दिलेला कार्यक्रम बदलून हवाय का?" जो हो म्हणेल त्याच्याशी निवांत बोला. माझ्या उदाहरणात सगळ्यांना सारखाच ३ लावलाय. बालपणीच्या मैत्रिणीसाठी तो किती हवा आणि ऑफिसातल्या ओळखीसाठी किती, ते तिथेच कळेल.