गिव्हअवेत कोणाला घ्यायचं: मेसेज मोजू नका, तारीख बघा

भाऊ, तुम्ही विचारलं की आपल्या नागपूरकर गेमर्सच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर (म्हणजे आपल्या ऑनलाइन गप्पांच्या अड्ड्यावर) दिवाळीला गिव्हअवे ठेवून, म्हणजे चिठ्ठी काढून, दोन स्टीम गेम (स्टीम या ऑनलाइन दुकानातले) फुकट वाटायचे आहेत, तर सगळ्यांना घ्यायचं की किमान शंभर मेसेज केलेल्यांनाच. शंभर मेसेजची अट बिलकुल ठेवू नका. अट लागली की त्याच रात्रीपासून ‘हाय’, ‘जीजी’, ‘कोणी आहे का’ सुरू होतं, आणि ज्या चॅनेलवर लोक खरंच टीम जमवून राहिले असतात तो वाचण्यालायक राहत नाही. शिवाय बुटीबोरीला शिफ्ट करून रात्री व्हॉइसवर (बोलायच्या चॅनेलवर) येणारा, दोन मॅच खेळून झोपणारा, कधी एक ओळही टाइप न करणारा माणूस बाहेर फेकला जातो. तो तर तुमचा पक्का मेंबर.

त्यापेक्षा मागची तारीख धरा. वीस तारखेला जाहीर करणार असाल तर ‘एक तारखेच्या आधी जॉइन झालेले’ एवढीच अट. ‘अकाउंट सात दिवस जुनं हवं’ म्हटलं तर लोक आज चार अकाउंट उघडतात आणि सात दिवस थांबतात. उलटून गेलेल्या तारखेला मात्र कोणालाच जॉइन होता येत नाही. ही तारीख आधी कोणाला सांगू नका, मॉड्सच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या) दोस्तांनाही नाही.

एवढ्यावरही शंका आली तर जिंकलेल्याचा यूजर आयडी बघा. डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की तो कॉपी करता येतो. त्या लांबलचक आकड्यातच अकाउंट कधी उघडलं ती वेळ दडलेली असते, १ जानेवारी २०१५ पासूनच्या मिलिसेकंदांत. तो उलगडून देणाऱ्या साइट्स आहेत. एकाच संध्याकाळी पाठोपाठ उघडलेली अकाउंट सापडली तर ती एकाच माणसाची असणार हे समजून जा. सगळ्यांची झडती घेत बसू नका, ज्याचं नाव निघालं त्याचीच तपासणी पुरे.

‘एका घरातून एकच एंट्री’ हा नियम काही जण हमखास सुचवतील. लिहू नका. सर्व्हर चालवणाऱ्याला डिस्कॉर्ड कोणाचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) दाखवत नाही, आणि दाखवला असता तरी होस्टेलची सगळी पोरं एकाच नेटवर असतात. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरात दोन भाऊ खरंच खेळत असतील तर दोघांचाही हक्क आहे. फारच संशय असेल तर दोघांना एकाच वेळी व्हॉइसवर बोलवा, काम झालं.

आता गेम पोचणार कसा ते बघा, कारण बरीच भांडणं नाव निघाल्यावर होतात. स्टीमवर गिफ्ट फक्त फ्रेंडलिस्टमधल्यालाच जातं. ज्या अकाउंटवरून पाच डॉलरचीही खरेदी झालेली नाही ते ‘लिमिटेड’ असतं, त्यावरून फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही. आपल्याकडची कितीतरी पोरं फक्त फुकटचे गेम खेळतात, म्हणून त्यांना अपात्र ठरवणं अन्याय आहे. रिक्वेस्ट तुम्ही पाठवा, ते स्वीकारतील. पण आपले जे लोक जर्मनी-कॅनडाला गेलेत त्यांची अडचण खरी आहे: दोन देशांतल्या किमतीत फार तफावत असली तर स्टीम गिफ्ट जाऊच देत नाही. म्हणून ‘स्टीम अकाउंट भारतातलं हवं’ हे आधीच लिहा. पुण्या-हैदराबादचे आपोआप बसतात.

वयाचं म्हणाल तर डिस्कॉर्डच तेराच्या खालच्यांना घेत नाही, पण गेमचं रेटिंग अठराचं असेल तर तो गेम शाळकरी पोराला देऊ नका. त्याच्या आईचा फोन तुम्हालाच येईल, बाप्पा.

एंट्रीसाठी यूपीआयवर दहा रुपयेसुद्धा घेऊ नका, ‘सर्व्हर बूस्टसाठी’ (पैसे भरून सर्व्हरला जास्तीच्या सोयी मिळवण्यासाठी) म्हणूनही नाही. पैसे घेऊन चिठ्ठी काढली की ती लॉटरी झाली, आणि परवानगी नसलेल्या लॉटरीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम २९७ आहे. बूस्ट करणाऱ्याला जास्तीच्या चिठ्ठ्या देणंही मला पटत नाही.

मॉड्सपैकी जो ड्रॉ काढणार आणि ज्याच्या खिशातून गेम आला, ते दोघं बाहेर. बाकीच्या मॉड्सना राहू द्या, फुकट राबतात बिचारे. मागच्या वेळी जिंकलेला या वेळी थांबेल.

नवे मेंबर कुरकुर करतील. सर्व्हर वाढवायचाच असेल तर त्यांच्यासाठी वेगळा, सगळ्यांना खुला गिव्हअवे ठेवा, पण त्यातून आलेले बहुतेक जण ड्रॉच्या दुसऱ्या दिवशी निघून जातात हे धरून चाला.

ड्रॉ बॉटकडून (आपोआप नाव काढणाऱ्या प्रोग्रामकडून) चॅनेलवर सगळ्यांसमोर काढा. ४८ तासांत उत्तर आलं नाही तर दुसरं नाव, हेही घोषणेतच लिहून टाका. आणि गिफ्टऐवजी ‘की’ (गेम मिळवायचा कोड) देणार असाल तर ती डीएममध्येच (खासगी मेसेजमध्येच) द्या. चॅनेलवर टाकली तर जो आधी रिडीम करेल त्याची, मग यादीत कोण होतं ते कोणी विचारत नाही.