साताऱ्याच्या अक्षवृत्ताचा परीघ त्रिकोणमितीने कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा की साताऱ्याहून निघून अक्षांश न बदलता पूर्वेलाच जात राहिलं, तर पृथ्वीची फेरी किती किलोमीटरची होईल.

साधारण 38,180 किमी. विषुववृत्ताचा परीघ 40,075 किमी. त्याला आपल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. सातारा 17.68 उत्तर अक्षांशावर आहे आणि कॉस 17.68° = 0.9528.

कॉसच का? दहावीच्या मुलांना मी सूत्र आधी सांगत नाही, पृथ्वी उभी कापल्याची आकृती काढायला लावतो. केंद्रापासून साताऱ्यापर्यंत रेघ ओढा, ती पृथ्वीची त्रिज्या, 6,378 किमी. आता साताऱ्यापासून पृथ्वीच्या आसावर लंब टाका. हा लंब म्हणजेच अक्षवृत्ताची त्रिज्या. तो विषुववृत्ताला समांतर, म्हणून केंद्रापाशी जो 17.68 अंशांचा कोन आहे तोच साताऱ्यापाशीही मिळतो (व्युत्क्रम कोन, आठवतंय ना?). पृथ्वीची त्रिज्या झाली कर्ण, अक्षवृत्ताची त्रिज्या लगतची बाजू. 6,378 × 0.9528 म्हणजे सुमारे 6,077 किमी. त्रिज्या ज्या पटीत आखडते त्याच पटीत परीघही. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे: सूर्यसिद्धान्तात भूपरिधीला लंबज्येने गुणून त्रिज्येने भागायला सांगितलंय, आणि लंबज्या म्हणजे त्रिज्या गुणिले अक्षांशाचा कॉस.

मुलं फसतात ती वेगळ्याच ठिकाणी. ध्रुवावर परीघ शून्य, सातारा त्या वाटेवर जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर, म्हणून परीघही पाचव्या हिश्श्याने घटला असेल, असं धरून ती 32 हजार सांगून मोकळी होतात. प्रत्यक्षात घट पाच टक्केही नाही. कॉस सुरुवातीला अगदी सावकाश उतरतो, नंतर वेग घेतो. सांगली (16.85°) साताऱ्याच्या दक्षिणेला, एक अंशाहूनही कमी. तिथला परीघ 38,354 किमी, म्हणजे आपल्यापेक्षा पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर जास्त. एवढंच अंतर 60 अंशांवरून उत्तरेला गेलात तर परीघ पाचशे किलोमीटरहून जास्त कमी होतो. आणि 60 अंशांवर तो आधीच विषुववृत्ताच्या निम्मा असतो.

पडताळा घ्यायचाय? विशाखापट्टणम जवळपास साताऱ्याच्याच अक्षांशावर आहे. रेखांशातला फरक सुमारे 9.2 अंश. 38,180 ला 360 ने भागलं की एका अंशाला 106 किमी, म्हणजे दोन्ही शहरांत साधारण 975 किमी. नकाशावर सरळ अंतर मोजून बघा, एवढंच येतं. काटेकोर बोलायचं तर अक्षवृत्त हा सर्वात जवळचा रस्ता नव्हे, पण इथे फरक शंभरेक मीटरचा. युरोप-अमेरिकेच्या विमानांना मात्र तो चांगलाच जाणवतो.

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे इथे धरलेलं नाही. ते धरलं तर आपला परीघ कमी नाही, उलट बाराएक किलोमीटरने वाढतो. परीक्षेत तिकडे जाऊ नका.

आणि उत्तर साडेपंधरा हजारांच्या आसपास आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो अंशांवर आणा.