बागेतल्या इन्सुलेटेड केबिनसाठी कोणतं हीटिंग घ्यावं?

तुमची केबिन ४ बाय ३ मीटरची, भिंती, छत, जमीन सगळ्याला इन्सुलेशन केलेलं, एका बाजूला मोठा काचेचा दरवाजा, वापर ऑफिससारखा, आणि आता ऑइल हीटर, इन्फ्रारेड पॅनल, लाकडाचा स्टोव्ह की एसी यात तुमचं अडलंय. माझी केबिन जवळपास याच मापाची आहे आणि थंडीत मी तिच्यातच बसून काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हीटर बघायच्या आधी केबिनमधून उष्णता किती बाहेर जाते ते काढा, गणित शाळेतलंच आहे. प्रत्येक बाजूचं क्षेत्रफळ गुणिले तिची यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एक डिग्री फरक असला की एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. उंची २.४ मीटर आणि काच ५ चौरस मीटर धरली तर उरलेली भिंत साधारण २८.५ चौरस मीटर, बऱ्या इन्सुलेशनची यू-व्हॅल्यू ०.३५ धरली की दर डिग्रीमागे १० वॅट गेले. छत आणि जमिनीला जरा जास्त इन्सुलेशन, यू-व्हॅल्यू ०.२७ च्या आसपास धरली तर दोन्ही मिळून साडेसहा. आणि काच? डबल ग्लेझिंग म्हणजे दुहेरी काच असली, यू-व्हॅल्यू १.६ असली तरी ८ वॅट, म्हणजे एवढीशी काच जवळजवळ सगळ्या भिंतींइतकी उष्णता घालवते! शिवाय फटीतून हवा ये-जा करते, तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरलं तर अजून साडेनऊ. एकूण झाले दर डिग्रीमागे ३४ वॅट. बाहेर ० आणि आत २० डिग्री हवं असेल तर ७०० वॅटच्या आसपास, बस. थंड पडलेली केबिन सकाळी पटकन तापायला जास्त जोर लागतो म्हणून दीड ते दोन किलोवॅट घ्या, पण ३ किलोवॅटचा घ्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यापेक्षा दरवाजाची रबरी पट्टी बदला, जाड पडदा लावा, तो खर्च आधी वसूल होतो.

आता सॉकेटला लावायचे जे हीटर असतात, ऑइल, फॅन, पॅनल, इन्फ्रारेड, ते सगळे एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतात, जाहिरातीत काहीही लिहू देत. फरक आहे तो उष्णता कशी आणि किती वेळाने मिळते त्यात. ऑइल हीटर शांत असतो पण तापायला वेळ लावतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, म्हणजे तुम्ही काम आटोपून घरात गेलात आणि हा रिकामी केबिन तापवत बसलाय. फॅन हीटर लगेच गरम हवा देतो पण मीटिंगमध्ये समोरच्याला त्याचा आवाज ऐकू जातो. इन्फ्रारेड हवेपेक्षा समोरच्या माणसाला आणि वस्तूंना तापवतं, दार उघडं ठेवून सुतारकाम वगैरे करायचं असेल तर मस्त, पण टेबलाशी बसणाऱ्याला छतावरच्या पॅनलने डोकं गरम आणि टेबलाखाली पाय गारच. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदाच बसणार असाल तर भिंतीवरचा कन्व्हेक्टर (हवा तापवून खोलीत फिरवणारा) पॅनल हीटर, नीट थर्मोस्टॅट आणि वीकली टायमरवाला, बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी चालू होईल असा लावा.

रोज सात-आठ तास बसणार असाल तर मात्र मी सरळ हीट पंपवाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारा, इन्व्हर्टर स्प्लिट एसीच घ्या म्हणेन. एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते, कडाक्याच्या थंडीत ते दोनपर्यंत खाली येतं, तरी साध्या हीटरपेक्षा दुप्पटच. घेताना हॉट अँड कोल्ड आहे ना ते बघा, नुसतं कूलिंगवालं मॉडेल तुमच्या काही कामाचं नाही. थंडीत मधूनच आतला पंखा थांबतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते, घाबरू नका, ते स्वतःवरचा बर्फ वितळवत असतं. ते पाणी खाली टपकतं आणि पुन्हा गोठतं, म्हणून युनिट पायवाटेच्या वर अजिबात बसवू नका. आणि उन्हाळ्यात काचेतून ऊन आलं की अशी केबिन भट्टी होते, तेव्हाही हाच कामाला येतो.

लाकडाचा स्टोव्ह दिसायला झकास, पण लहानातला लहानसुद्धा बहुतेक ३-४ किलोवॅटच्या पुढेच असतो आणि आपल्याला लागतात ७०० वॅट, मग खिडक्या उघडून बसा. त्यात धुराडं, लाकडी भिंतीपासून अंतर, जळणाला बाहेरची हवा, एवढा सगळा व्याप. आणि धुराडं नसलेला गॅस हीटर, त्याला तर नाहीच म्हणा. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं, मग काचेच्या खालच्या कडेला थेंब, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि घट्ट बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका तो वेगळाच, त्याला वासही नसतो.

कोणी नसतानाही थर्मोस्टॅट ५-७ डिग्रीवर ठेवा, कॉम्प्युटर आणि कागदांना दमट थंडी सोसत नाही.

शेवटचं वायरिंग, जे लोक हमखास टाळतात. २ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर, तेही तासन्‌तास. घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून हे चालवू नका, गुंडाळलेल्या रीलमध्ये वायर तापून वितळते. इलेक्ट्रिशियनकडून जमिनीखालून आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की बंद पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असं करून घ्या, अंतर जास्त असेल तर व्होल्टेज पडू नये म्हणून केबल जाड लागेल, ते त्याला मोजायला सांगा. आणि चर खणलाच आहे तर इंटरनेटच्या वायरसाठी वेगळा पाइपही तेव्हाच टाकून घ्या, दोन महिन्यांनी परत कोण खणत बसणार.