पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरकडे मराठी ऑपरेटरने आधी काय मागावे?

पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी असलेली सुविधा वापरकर्त्याला सुचवता येते, तर मराठीत काम करणाऱ्याने सर्वांत आधी काय मागावे आणि ते कसे लिहावे, असा आपला प्रश्न आहे. मी जळगावात बरीच वर्षे डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून अहिराणी पुस्तके अशी माझ्याकडची कामे असतात. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पहिली मागणी ‘शोधा आणि बदला’ या सोयीबद्दल असावी.

कारण सांगतो. एका अहिराणी कथासंग्रहाची पाने लावून झाल्यावर लेखकांनी ‘करी ऱ्हायना’ (म्हणजे ‘करतो आहे’) यातील ‘ऱ्हायना’ सगळीकडे ‘राह्यना’ असे करायला सांगितले. मी शब्द शोधून एकदम बदलला आणि प्रूफ काढले, तर जवळजवळ निम्म्या ठिकाणी जुनाच शब्द राहिलेला होता. बदललेल्या आणि राहून गेलेल्या ठिकाणचा मूळ ‘ऱ्हायना’ पडद्यावर तंतोतंत सारखा दिसत होता. मजकूर दोघांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप केला होता, एवढेच त्यामागचे कारण होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, हा आडवा, पापणीसारखा दिसणारा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह. वाचणाऱ्याला अक्षर एकच दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. उरलेले शब्द डोळ्यांनी शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

म्हणून मागणी लिहिताना ‘मराठीला चांगला सपोर्ट द्या’ असे लिहू नये, कारण त्यावरून प्रोग्रामरला नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘वऱ्हाड हा शब्द दोन्ही पद्धतींनी लिहिलेली ही फाइल आहे, एक शोधला असता दुसरा सापडत नाही, दोन्ही सापडावेत’ असे लिहावे. सॉफ्टवेअरची आवृत्ती, फॉन्टचे नाव आणि टाइप करण्याची पद्धतही कळवावी. सोबत दोनशे पानांचे पुस्तक न जोडता तेवढ्या दोन ओळींची नवी फाइल करून जोडावी, म्हणजे देवनागरी न वाचणाऱ्या माणसालाही दोष पाहता येतो. त्याच मागणीत आणखी एक वाक्य अवश्य घालावे: रफार आणि हा पापणीसारखा र मात्र एक मानू नयेत. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत एकीकडे गुरुजन येतात आणि दुसरीकडे स्वयंपाकी. शोध सैल करण्याच्या नादात हा भेद पुसला गेला, तर आधीचा दोष बरा होता असे म्हणायची वेळ येईल.

दुसरी मागणी अरुंद कॉलमची. इंग्रजीत ओळ दोन्ही कडांना भिडवताना अक्षरांमधले अंतर थोडे वाढवून चालते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. त्यामुळे सगळा ताण शब्दांमधल्या जागेवर पडतो, आणि ‘महाविद्यालयासमोरील’ यासारखा शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही की आधीच्या ओळीत मोठी भगदाडे पडतात. इथे मागायचे ते असे की, शब्द तोडायचाच असेल तर तो पूर्ण अक्षरावर, शक्यतो ‘महाविद्यालया-समोरील’ असा जोडावर तोडावा. जोडाक्षराच्या मध्ये कधीही तोडू नये. ही मागणी पुरी करणे कठीण आहे, कारण त्यासाठी मराठीचे नियम कोणीतरी बसून लिहून द्यावे लागतात. ते काम आपल्यापैकीच कोणी केले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

जुन्या फाइलींबद्दल थोडक्यात. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली, तरी त्या काळातला मजकूर अनेक छापखान्यांत अजून पडून आहे. तेव्हाच्या मराठी फॉन्टांमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना ठळक आणि तिरका टाइप, तळटीपा हे सर्व जसेच्या तसे राहावे, एवढी मागणी पुरेशी आहे.

मात्र मागणी पाठवण्याआधी ती सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून नाही ना, हे पाहावे. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडे जाते किंवा जोडाक्षरे सुटी पडतात, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. बहुतेक वेळा परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसतो. तो निवडला की अक्षरे जागेवर येतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी तरतूद असली, तर पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणाची अक्षरेही आपोआप मिळतात. स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर १.४ मध्ये देवनागरी नीट जुळत नव्हती म्हणून मागणी करू नका. ती अडचण १.५ च्या मालिकेत दूर झाली आणि २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती सुधारणा आहे. तिथे आधी नवी आवृत्ती घालून आपली दोन ओळींची फाइल उघडून पाहावी.