सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला गावच्या शाळेत घालावे का?

ताई, आपण लिहिले आहे की मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय कडक आहेत, वॉकर धरून तो चालतो, बोलताना अडखळतो पण समज चांगली आहे. तेव्हा येत्या जूनमध्ये त्याला गावच्या सरकारी मराठी शाळेत पहिलीत घालावे की बेळगावच्या विशेष शाळेत, आणि शिक्षकांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: गावच्या शाळेत घाला. कर्नाटकातील खानापूर तालुक्यात मराठी शाळांवर नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. याच विषयावरून एका मुख्याध्यापकांशी माझा जो वाद झाला तो आजतागायत मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या शाळेत असाच एक मुलगा होता. चौथीपर्यंत त्याचा वर्ग तळमजल्यावर होता. पाचवीचा वर्ग माडीवर भरत असे. मुख्याध्यापकांनी सातवीतील दोन दांडगी मुले नेमून दिली. त्यांनी त्याला सकाळी उचलून वर न्यायचे आणि शाळा सुटल्यावर खाली आणायचे. गावाने तोंडभरून कौतुक केले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत त्या दोघांना नारळ व शाल देण्यात आली. पाचवीचा वर्गशिक्षक मी असल्यामुळे छायाचित्रात न आलेले मला रोज दिसत होते. एकाने काखेत हात घालून आणि दुसऱ्याने गुडघे धरून त्याला झटक्यात उचलले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळले जात आणि वर पोहोचल्यावर ते सुटे व्हायला पहिला तास निम्मा संपून जाई. आमच्याकडच्या पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा तर त्या तिघांकडे पाहवत नसे. बिसीऊटाला, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाला, सगळी शाळा खाली पंगतीला बसे आणि याचे ताट वर येई. पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत येते, असे त्याच्या आईने मला सांगितले, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. शौचालय खाली होते. तिथे जायचे तर भरवर्गात हात वर करून सातवीच्या मुलांना बोलवा असे सांगावे लागे, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नसे. पुढे तालुका क्रीडास्पर्धा आल्या, उचलणारे दोघे कबड्डीच्या संघातून गेले, आणि हा मांडीवर दप्तर घेऊन व्हरांड्यात बसून राहिला. हजेरीपटावर त्या दिवशी तो हजर आहे.

मी सुचवले की पाचवी खाली आणावी आणि तिसरी वर न्यावी. त्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, एका पोरासाठी सगळी शाळा हलवायची का? आणि मुलांच्या अंगी सेवाभाव येतो आहे, तो तुम्हाला का खुपतो?" अखेर मुलाच्या आईने, दिव्यांग मुलांसाठी तालुक्याला नेमलेल्या बीआयईआरटी शिक्षकांच्या मदतीने, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि दसऱ्याच्या सुट्टीत वर्ग खाली आला. सगळी शाळा हलली म्हणजे काय, तर बाके, एक कपाट आणि नकाशे. आजही एखाद्या लग्नात भेट झाली की ते गृहस्थ मी मुलांचा सेवाभाव मोडला असे चारचौघांत सांगतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ ने इमारत व आवार वापरण्याजोगे करणे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे व्यवस्था करणे हे शाळेचे काम ठरवले आहे. उचलायला मुले नेमली की ते काम संपते, असे मला तरी त्यात कोठे आढळले नाही.

आता शिक्षकांना काय सांगावे ते. हा आजार मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेमुळे होतो; ती इजा पुढे वाढत नाही, मात्र हाडे वाढतात आणि कडक स्नायू त्या मानाने लांब होत नाहीत, म्हणून व्यायाम आणि स्प्लिंट शाळेच्या नादात सुटू देऊ नयेत. घाई केली, ओरडले किंवा टेबलावर पट्टी आपटली की स्नायू आणखी ताठरतात. त्यामुळे "लवकर लिही" म्हणणाऱ्या शिक्षकाला अक्षर उशिराच मिळते. त्याला जमिनीवर बसवू नये. पावले पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील अशी खुर्ची हवी, नाहीतर मुलाची सारी ताकद पडू नये म्हणून खर्च होते आणि लिहायला काही उरत नाही. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी आणि कागद चिकटपट्टीने बाकाला चिकटवावा. उत्तर तोंडी येत असेल तर तोंडी घ्यावे आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे.

पुढच्या वर्गांविषयीही आताच सांगून ठेवतो. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. आपल्या भागात सूट म्हटले की पालक पहिल्यांदा कन्नडवर बोट ठेवतात. ते करू नये असे माझे मत आहे. बसच्या पाटीपासून तहसीलदार कचेरीपर्यंत त्याला जन्मभर कन्नड लागणार आहे, आणि ज्याला पायांनी धावपळ करता येत नाही त्याला तर तोंडानेच कामे उरकावी लागतात. सीमाप्रश्नावरील आपली मते घरी ठेवावीत. दहावीच्या सवलती शाळेमार्फत अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत; त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) लवकर काढून घ्या. दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत हे मुलाच्या वतीने आपण ठरवायचे आहे, मुख्याध्यापकांनी नव्हे.

हे सगळे आपण वर्णन केलेल्या मुलाला धरून लिहिले आहे. त्याला फिट्स येत असतील, ऐकण्यादिसण्यात अडचण असेल किंवा रोज फिजिओथेरपी लागत असेल आणि ती गावात मिळत नसेल, तर विशेष शाळेचा विचार जरूर करावा. माझा तिच्यावर राग नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारात स्नायूंची ताकद वर्षागणिक कमी होते, तिथे माझे खुर्ची-पेन्सिलीचे सल्ले अपुरे पडतील.

प्रवेशाआधी एकदा मुलाला वॉकरसह शाळेत नेऊन फाटकापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून शौचालयापर्यंत चालवून पाहा. जिथे अडेल ते अर्जात लिहा, सातवीपर्यंतचे सर्व वर्ग तळमजल्यावर मिळावेत हेही लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय निघू नका.