मुलगा देव मानत नाही, घरात रोज वाद होतात: विषय टाळावा का?

वसईत समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक वेळा तो आई घेऊन येते. "मॅडम, मुलगा मिस्साला जात नाही. देव नाहीच म्हणतो. ह्यांचं आणि त्याचं रोज वाजतं. त्याला समजवा, नाहीतर दोघांनाही सांगा की घरात हा विषय काढायचा नाही."

हिंदू घरांतूनही असे प्रश्न येतात. पण ख्रिस्ती घरात नास्तिक मुलाची अडचण जरा निराळी असते. गणपतीला घरी येऊन, आरतीत टाळ्या वाजवून, मनात काहीही मानणारे पुष्कळजण असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. चर्चमध्ये मात्र रविवारच्या मिस्सात, म्हणजे सामुदायिक उपासनेत, उभं राहून 'मी विश्वास ठेवतो' असं तोंडाने म्हणायचं असतं. दृढीकरणात, म्हणजे आपला विश्वास पक्का करण्याच्या विधीत, म्हणायचं, लग्नात देवासमोर वचन द्यायचं. ज्याचा विश्वास उरलेला नाही त्याने एकतर खोटं बोलायचं, नाहीतर सगळ्यांच्या देखत गप्प उभं राहायचं. म्हणून हा वाद टाळून टळत नाही. तो दर आठवड्याला दारात येतो.

'विषयच काढू नका' हा सल्ला नातेवाईक देतात, कधी धर्मगुरू देतात आणि मानसोपचाराच्या क्षेत्रातलेही काहीजण देतात. मला तो पटत नाही. गप्प बसवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे भांडण होत नाही हे खरं, पण हळूहळू मुलाचा फोन येणंही कमी होतं.

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडिलांना इनासकाका म्हणू, आईला फिलोमिनाताई, मुलाला सॅव्हियो. इनासकाका नोकरीतून निवृत्त झालेले, घरामागे थोडी वाडी, केळी आणि सोनचाफा. ऑक्टोबरात गावातल्या क्रूसाजवळ जपमाळ व्हायची ती तेच सांगायचे. सॅव्हियो पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येणारा.

ठिणगी कुठे पडली ते फिलोमिनाताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. २०२१ साली, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा तरुण भाचा गेला. तो हॉस्पिटलात होता तेव्हा सगळ्या घराने नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, केली. सॅव्हियोही बसला होता. भाचा वाचला नाही. त्यानंतर सॅव्हियोने चर्च सोडलं. वडिलांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कुणी ऐकत नव्हतं म्हणून." तिथून पुढे जेवणाच्या ताटावर, गाडीत, पाहुण्यांसमोर, जागा मिळेल तिथे वाद. वडिलांचं "रविवारी झोपायला मिळावं म्हणून तुझा नास्तिकपणा," मुलाचं "तुमची सगळी अंधश्रद्धा." मध्ये फिलोमिनाताई, ज्यांना दोघेही साक्षीदार म्हणून ओढायचे: "आई, तूच सांग." "विचार तुझ्या आईला."

अशा वेळी समुपदेशकाला एक सोपी वाट दिसते. मुलगा दुःखात आहे, देवावरचा राग हा खरं तर मृत्यूवरचा राग आहे, असं म्हणून मोकळं व्हायचं. मी त्या वाटेने गेले नाही. दुःख होतंच, त्याबद्दल आम्ही वेगळं बोललो. पण सॅव्हियोने विचारलेला प्रश्न हा प्रश्न म्हणूनच विचारलेला होता. त्याला दुःखाचं लक्षण ठरवणं म्हणजे "तू काय म्हणतोस ते महत्त्वाचं नाही, तुला काय होतंय ते बघू," असं सांगणं. कुठल्याही विचार करणाऱ्या माणसाला ते अपमानास्पद वाटेल. इनासकाकांनाही तोच न्याय: त्यांची श्रद्धा ही म्हातारपणाची भीती किंवा सवय आहे असं मी त्यांना सांगणार नव्हते. दोघंही जगाबद्दल काहीतरी खरं बोलतो आहोत असं मानत होते. मग वाद व्हायला हवा होता, पण नीट.

मी काही अटी घातल्या. ताटावर, जपमाळेच्या वेळी आणि पाहुण्यांसमोर हा विषय नाही. त्यासाठी रविवारी दुपारचा एक तास ठरलेला. आईला साक्षीला बोलवायचं नाही. तिला बसायचं असेल तर ती स्वतःच्या मतासाठी बसेल. आणि मुख्य अट: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि "हो, मला हेच म्हणायचंय" असं त्याच्याकडून आलं तरच पुढे जायचं.

पहिला प्रयोग माझ्या खोलीतच केला. इनासकाकांची पाळी.

"तू म्हणतोस देव नाही, कारण आपली प्रार्थना ऐकली नाही."

"नाही," सॅव्हियो म्हणाला.

"तू म्हणतोस देव दुष्ट आहे."

"नाही, पपा."

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग सावकाश म्हणाले, "तू म्हणतोस, पोरगा वाचला असता तर आम्ही देवाची कृपा म्हणालो असतो. गेला, तर देवाची इच्छा म्हणालो. काहीही झालं तरी देव बरोबरच. मग देव असला काय नि नसला काय, फरक कुठे पडतो?"

"हो. हेच."

"हा प्रश्न वाईट नाही," काका म्हणाले. "क्रूसावर प्रभूनेच विचारलाय, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास म्हणून. पण तो विचारताना कुणालातरी विचारत होता."

मग सॅव्हियोची पाळी. त्याने मोठ्या समजूतदारपणे मांडलं: "तुमच्यासाठी श्रद्धा म्हणजे आधार. त्या नऊ दिवसांत प्रार्थना नसती तर घर कोसळलं असतं." मला वाटलं काका हो म्हणतील. ते ताडकन म्हणाले, "नाही! आधार मिळाला हे खरं, पण आधार मिळतो म्हणून मी मानत नाही. ख्रिस्त मरणातून खरोखर उठला असं मी मानतो. तो उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट आहे, हे संत पौलानेच लिहून ठेवलंय. मला खूश करायला माझं म्हणणं हलकं करू नकोस."

हे मला फार आवडलं. सॅव्हियोलाही. त्याला वडील पहिल्यांदाच असे माणूस म्हणून दिसले ज्यांच्याशी खरंच मतभेद आहेत.

त्यानंतरच्या भेटीत मी त्यांना जानेवारी १९४८ मधली एक चर्चा सांगितली. बीबीसी रेडिओवर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट ह्या कॅथलिक संघाचे धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन देवाच्या अस्तित्वावर बोलले होते. सुरुवातीलाच कोपलस्टननी 'देव' म्हणजे काय धरून चालायचं ते मांडलं, रसेलनी ते मान्य केलं. मग फादरनी विचारलं, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का? रसेल म्हणाले, नाही, माझी भूमिका अज्ञेयवादी आहे, म्हणजे देव आहे की नाही हे ठामपणे सांगता येत नाही अशी. एवढी स्वच्छ सुरुवात झाल्यावर दोघे जोरात भिडले. जगातली प्रत्येक गोष्ट अस्तित्वासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, तेव्हा कुणावरच अवलंबून नसलेलं काहीतरी असलंच पाहिजे, असं कोपलस्टन म्हणत होते. रसेलचं उत्तर होतं की प्रत्येक माणसाला आई असते म्हणून सबंध मानवजातीला एक आई असते असं होत नाही. चांगलं-वाईट कशावरून ठरवता, ह्यावर फादरनी रसेलना चांगलंच पकडलं होतं. शेवटी कुणाचंच मत बदललं नाही आणि कुणी कुणाला मूर्खही म्हटलं नाही.

ह्यातून सॅव्हियोने स्वतःची भूमिका दुरुस्त केली. "देव नाही हे मला माहीत आहे, असं मी म्हणत नाही. आहे असं मानायला मला पुरेसं कारण दिसत नाही." काकांनी चांगल्या-वाईटाचा मुद्दा उचलला आणि दोन रविवार मुलाला त्यावर घाम फोडला.

इथे दोन्ही बाजूंना ऐकवावं लागतं ते मी ऐकवलं. काकांच्या मनात होतं की मुलाशी असं बोलणं म्हणजेच पाप, त्याला उत्तेजन देणं. त्यांना मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेची, आठवण करून दिली. डिसेंबर १९६५ मध्ये तिने आधुनिक जगाविषयी जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात नास्तिकतेच्या उगमात श्रद्धावंतांचाही थोडाथोडका वाटा नसतो, असं चर्चनेच कबूल केलं आहे. सदोष शिकवण, सदोष आचरण ही कारणं तिथे दिली आहेत. श्रद्धावंत आणि अश्रद्ध ह्यांनी मिळून जग सुधारायचं आहे आणि त्यासाठी प्रामाणिक संवाद हवा, असंही आहे. काकांनी धर्मगुरूंकडून ते मागून आणलं आणि पेन्सिलीने खुणा करत वाचलं.

सॅव्हियोच्या बोलण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव वरचेवर यायचं. त्याला मी म्हटलं, मग त्यांची भूमिका पुरती घे. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाला किंवा धर्माला सरसकट विरोध केलेला नाही. तिचा विरोध शोषण करणाऱ्या, दिशाभूल करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. तुझ्या वडिलांनी नोव्हेना केली, पण भाच्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून रात्रभर फोनही तेच करत होते. त्यांनी कुणाला फसवलं? कुणाचं औषध थांबवलं? त्यांचं मत चूक आहे असं तू जरूर म्हण. अंधश्रद्धा हा शब्द इथे बसत नाही.

मी स्वतः काय मानते हे दोघांनीही विचारून पाहिलं. ते मी सांगत नाही. त्या खोलीत मी पंच होऊ नये एवढंच त्यामागे आहे.

मग सॅव्हियोचं लग्न ठरलं आणि खरी कसोटी आली. मुलगी कॅथलिक, मिस्साला नेमाने जाणारी. तिला चर्चमध्येच लग्न हवं होतं. इनासकाका म्हणाले, उभा राहा, काय म्हणायचं ते म्हण, कुणाला कळतंय? सॅव्हियो म्हणाला, मी खोटं बोलणार नाही. माझ्या मते इथे मुलगा जास्त धार्मिक वागत होता आणि ते मी काकांना तोंडावर सांगितलं. शपथेला किंमत देणाराच खोटी शपथ नाकारतो.

त्यांना माहीत नव्हतं की चर्चच्या कायद्यात ह्याची सोय आहे. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, ज्याने उघडपणे कॅथलिक श्रद्धा सोडली आहे अशा व्यक्तीच्या लग्नासाठी बिशपांच्या पातळीवरून परवानगी घेता येते. त्यात श्रद्धावंत जोडीदाराला आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करण्याचं वचन द्यावं लागतं, दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. सॅव्हियोने धर्मगुरूंना सगळं खरं सांगितलं. काकांना धाकधूक होती की गावात बभ्रा होईल. थोडा झालाही. एका नातेवाइकाने "घरात देवाचं राहिलं नाही" असं म्हटलं, तेव्हा काकांनी त्याला उत्तर दिलं, "माझा पोरगा देवाबद्दल माझ्याशी जेवढं बोलतो, तेवढं तुझा तुझ्याशी बोलतो का?"

परवानगी मिळाली, लग्न झालं.

ज्या घरात हा वाद चालू आहे त्यांना एक वेगळं सांगायचं आहे. मिस्साला आला नाहीस तर फीचे पैसे बंद, आजीच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, तू नरकात जाशील असं लहान मुलाला रोज ऐकवणं, ह्या गोष्टी वादात मोडत नाहीत. ती जबरदस्ती आहे, कुठल्याही बाजूने झाली तरी. तिथे आधी ती थांबवावी लागते, गरज पडली तर बाहेरच्या माणसाची मदत घेऊन. चर्चेचं नंतर बघायचं.

सॅव्हियोला आता मूल होणार आहे आणि बाप्तिस्म्यावरून नवा वाद सुरू झाला आहे. बायकोने वचन दिलंय, बाप्तिस्मा होईल, त्याला त्याने हरकत घेतलेली नाही. पण मूल मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा मी काय मानतो ते खरं सांगणार, असं त्याने वडिलांना आत्ताच बजावून ठेवलंय. काका म्हणाले, सांग ना. मला विचारेल तेव्हा मीही सांगेन, आणि मी तुझ्यापेक्षा जास्त वेळ घरी असतो.