ड्रायव्हरचा तुरुंग, आजीची देवी

प्रश्न : सर, आमची कुलदेवी अंकोल्याची आर्यादुर्गा. देवी मूळची अंजदीव बेटावरची, असे आजी सांगायची. यंदा अंकोल्याहून परतताना कारवारजवळ समुद्रात ते बेट दिसले. ड्रायव्हर म्हणाला, "तो पोर्तुगीजांचा तुरुंग, ताई." खरे काय? आणि मूळ जागा पाहता येईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, दोघेही खरे. ड्रायव्हरने मधलेच पान उघडले, एवढेच.

बेट जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे. कारवारसमोर असले तरी कागदोपत्री दक्षिण गोव्याचे. त्याच्या मागे सगळे लागले ते गोड्या पाण्यासाठी. १४९८ साली परतीच्या वाटेवर वास्को द गामा इथेच पाणी भरायला आणि गलबते दुरुस्त करायला थांबला. तेव्हा आदिलशाहीच्या नोकरीतला एक यहुदी त्याला भेटायला आला. गामाने त्याला हेर ठरवून बडवले, गलबतावर घालून लिस्बनला नेले आणि बाप्तिस्मा देऊन गास्पार द गामा केले. मला विचाराल तर अंजदीवचा पहिला कैदी हाच. तुरुंग व्हायला अजून खूप अवकाश होता.

१५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि थोड्याच काळात स्वतःच पाडला. पुढे १६६२ साली मुंबई ताब्यात घ्यायला इंग्रजांचे सैन्य आले. पोर्तुगीज मुंबई सोडेनात, म्हणून इंग्रज अंजदीवावर येऊन राहिले. पाचशेच्या आसपास माणसे होती. तापाने आणि हाल होऊन त्यांचा सेनापती अब्राहम शिपमनही तिथेच गेला. १६६५ साली मुंबईत पाऊल टाकले तेव्हा शंभरेक उरले होते. म्हणजे मुंबईच्या इंग्रजी अमलाची पहिली स्मशानभूमी आमच्याकडे! मुंबईकर पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगतो, त्यांना ते फारसे आवडत नाही.

१६८२ साली संभाजी महाराज बेटावर ठाणे घालणार अशी कुणकुण लागताच पोर्तुगीजांनी घाईने पुन्हा किल्ला उभारला. टिपूच्या स्वाऱ्यांच्या काळात मुलखातली माणसे जीव वाचवायला तिथे गेली. ड्रायव्हरचा तुरुंग येतो तो यानंतर. गोवा आणि दीवचे गुन्हेगार तिथे पाठवत. शिक्षा म्हणून धाडायची जागा आणि आसरा घ्यायची जागा एकच, ही गंमत मला कधी उलगडलेली नाही.

नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथूनच 'साबरमती' या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबरला भारतीय नौदलाने बेटावर सैनिक उतरवले. पांढरे निशाण दिसले म्हणून ते पुढे सरकले आणि गोळ्या सुटल्या. सात नौसैनिक गेले.

आता देवीचे. मूर्ती बेटावरून अंकोल्याला आणली, ही परंपरा तुमच्या आजीसारख्या कितीतरी जणींनी जपली आहे. 'अंजदीव' हे नावही काही जण आर्यादुर्गेशीच जोडतात.

जाता येईल का? नाही. बेट नौदलाच्या कारवार तळात आहे. २ फेब्रुवारीच्या फेस्ताला, म्हणजे तिथल्या चर्चच्या जत्रेला, लहानपणी मी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाबरोबर होडीतून गेलो होतो. जाताना इतका ओकलो, की ब्रोताशच्या इगर्जीची (चर्चची) पांढरी भिंत आणि पायरीवर कुणीतरी हातात ठेवलेला गार पाण्याचा तांब्या, एवढेच आठवते. पुढे ती यात्राही थांबली. ओटी अंकोल्यातच भरा, देवी तिथेच आहे.